मॅसॅच्युसेट्सच्या राज्य लेखापरीक्षकाची निवडणूक : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बॉस्टन, श्रूजबरी, ॲक्टन, वेस्टफर्ड, फ्रॅमिंगहॅम या भागांत राहणाऱ्या मराठी मंडळींपैकी अनेक जण आता अमेरिकेचे नागरिक झाले आहेत आणि दर चार वर्षांनी त्यांच्या हातात राज्याची लांबलचक मतपत्रिका येते. गव्हर्नर कोण हे सगळ्यांना ठाऊक असते. खाली ‘ऑडिटर’ या रकान्याशी आले की पेन थांबते. हे पान त्या रकान्यासाठी आहे. उमेदवारांची नावे इथे सुचवलेली नाहीत. पद, प्रक्रिया आणि अडचणी सांगितल्या आहेत.

## पद आणि त्याचे अधिकार

राज्याचा लेखापरीक्षक म्हणजे कोण? त्याला लोकांनी निवडून का द्यायचे?

राज्य सरकारची खाती, मंडळे, प्राधिकरणे पैसा कसा खर्च करतात आणि त्यांना कायद्याने नेमून दिलेले काम करतात की नाही, हे बाहेरून तपासणारा हा अधिकारी. मॅसॅच्युसेट्समध्ये हे पद १८४९ साली निर्माण झाले. १८५५ च्या घटनादुरुस्तीपासून लेखापरीक्षक थेट जनतेच्या मतावर निवडला जातो. १९६६ पासून मुदत चार वर्षांची आहे. गव्हर्नर, ॲटर्नी जनरल (राज्याचा मुख्य सरकारी वकील), सेक्रेटरी ऑफ द कॉमनवेल्थ (राज्याचा सचिव) आणि ट्रेझरर (खजिनदार) यांच्याबरोबरच ही निवडणूक होते, म्हणजे राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीच्या वर्षी नाही, तर मधल्या सम वर्षी: २०१८, २०२२, २०२६.

निवडून देण्यामागचे कारण सरळ आहे. ज्याचे हिशेब तपासायचे त्यानेच तपासनीस नेमला, तर तपासनीस त्याच्या मर्जीवर राहतो. लेखापरीक्षकाला गव्हर्नर नेमत नाही आणि काढूही शकत नाही. याची दुसरी बाजूही आहे. लेखापरीक्षक पक्षाच्या नावावर लढतो, त्याला प्रचारासाठी पैसा उभा करावा लागतो आणि पुढच्या पदाची आस असू शकते. त्यामुळे त्याचे स्वातंत्र्य कायद्यापेक्षा त्या व्यक्तीच्या वागण्यावर जास्त अवलंबून राहते. म्हणूनच मतदाराने इथे डोळे उघडे ठेवायला हवेत.

आपल्याकडच्या ‘कॅग’सारखेच ना हे?

कामात बरेच साम्य, नेमणुकीत काहीच नाही. भारताचा नियंत्रक व महालेखापरीक्षक राज्यघटनेच्या अनुच्छेद १४८ नुसार राष्ट्रपती नेमतात. मुदत सहा वर्षे किंवा वयाच्या ६५ वर्षांपर्यंत, जे आधी येईल ते. त्याला पदावरून दूर करायचे तर सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाइतकीच अवघड प्रक्रिया करावी लागते. महाराष्ट्र सरकारचे लेखापरीक्षणही त्याच्याच अखत्यारीतली मुंबई आणि नागपूरची कार्यालये करतात. राज्याचा स्वतंत्र, निवडून आलेला लेखापरीक्षक असा प्रकार आपल्याकडे नाही.

आणखी एक फरक महत्त्वाचा आहे. कॅगचा राज्याबद्दलचा अहवाल राज्यपालांमार्फत विधिमंडळात ठेवला जातो आणि पुढे लोकलेखा समिती तो हाती घेते. मॅसॅच्युसेट्समध्ये लेखापरीक्षक आपला अहवाल स्वतः प्रसिद्ध करतो. अधिवेशनाची वाट पाहावी लागत नाही.

अमेरिकेतही सगळीकडे एकच पद्धत नाही. काही राज्यांत हा अधिकारी विधिमंडळ नेमते. सुमारे दोन डझन राज्यांत लोक निवडतात. पेनसिल्व्हेनियात त्याला ‘ऑडिटर जनरल’ म्हणतात आणि तिथली निवडणूक राष्ट्राध्यक्षाच्याच वर्षी होते. तेव्हा न्यू जर्सीतल्या किंवा पेनसिल्व्हेनियातल्या नातेवाइकांकडून ऐकलेली माहिती इथे तशीच लावू नका.

लेखापरीक्षक नेमके काय तपासतो?

राज्य कायद्याच्या ११ व्या प्रकरणातले १२ वे कलम हा या पदाचा गाभा आहे. राज्याची प्रत्येक संस्था तीन वर्षांतून किमान एकदा तपासली जावी, असे त्यात म्हटले आहे. तपासणी केंद्राच्या सरकारी लेखापरीक्षण मानकांनुसार व्हावी लागते. या पुस्तिकेला तिच्या मुखपृष्ठामुळे ‘यलो बुक’ म्हणतात. फक्त पावत्या जुळतात का एवढेच पाहिले जात नाही. कार्यक्रम आपले काम करतो का, हेही पाहिले जाते.

दोन उदाहरणांवरून ही कामाची पद्धत कळेल. २०१३ मध्ये, सुझॅन बम्प लेखापरीक्षक असताना, गरजू कुटुंबांना मदत देणाऱ्या खात्याच्या लाभार्थींची यादी मृत्यूच्या नोंदींशी ताडून पाहिली गेली. मृत म्हणून नोंद असलेल्या १,१६४ व्यक्तींच्या नावे मदत चालू राहिल्याचे अहवालात आले. खात्याने त्यातल्या काही निष्कर्षांना आक्षेपही घेतला.

दुसरे उदाहरण २०१७ चे, बालकल्याण खात्याचे. लेखापरीक्षकांनी मेडिकेडच्या म्हणजे सरकारी आरोग्यविम्याच्या दाव्यांमधून खात्याच्या देखरेखीखालच्या मुलांवर झालेले उपचार काढले आणि खात्याच्या स्वतःच्या नोंदींशी ते जुळवले. गंभीर शारीरिक इजा दिसत असलेल्या २६० घटना अशा निघाल्या, की खात्याला त्यांची खबरच नव्हती. दोन्ही खात्यांकडे आपापली माहिती होती. ती एकमेकांशेजारी ठेवून कुणी पाहिली नव्हती. चांगले लेखापरीक्षण बहुतेक वेळा असेच असते: दोन याद्या, एक समान ओळखक्रमांक आणि न जुळणाऱ्या ओळींचा पाठपुरावा.

याखेरीज या कार्यालयाकडे तीन कामे आहेत, ज्यांच्याबद्दल प्रचारात फारसे कुणी बोलत नाही:

- सरकारी मदतीतल्या लबाडीचा तपास करणारा विशेष विभाग.
- १९९३ च्या ‘पचेको कायद्या’नुसार खासगीकरणाच्या प्रस्तावांची छाननी. राज्याचे काम खासगी कंपनीला द्यायचे असेल तर खर्च खरोखर वाचतो आणि दर्जा घसरत नाही, हे खात्याला लेखापरीक्षकापुढे दाखवावे लागते.
- राज्याने गावांवर टाकलेल्या विनानिधी जबाबदाऱ्यांचा निवाडा.

तिसरे काम थोडे उलगडून सांगायला हवे, कारण त्याचा तुमच्या घरपट्टीशी संबंध आहे. १९८० मध्ये मतदारांनी ‘प्रपोझिशन अडीच’ मंजूर केले आणि गावांच्या मालमत्ता कराच्या वाढीवर मर्यादा आली. मग राज्याने नवीन काम सांगायचे आणि पैसे गावाने भरायचे, हे चालणार कसे? त्यासाठी लेखापरीक्षकाकडे एक विभाग दिला गेला. गावाने तिकडे अर्ज करायचा. विभाग खर्च राज्याने द्यावा की नाही ते ठरवतो. २०१७ मध्ये आगाऊ मतदानाच्या काही सक्तीच्या खर्चांबाबत असाच निर्णय झाला, की हा बोजा राज्याचा आहे.

त्याचे अधिकार कुठे संपतात?

तो दंड करू शकत नाही, कुणाला कामावरून काढू शकत नाही, खटला भरू शकत नाही. गुन्ह्याचा संशय आला तर प्रकरण ॲटर्नी जनरलकडे पाठवतो. खात्याने शिफारस अमलात आणलीच पाहिजे, असे बंधनही त्याला घालता येत नाही. साधारण सहा महिन्यांनी तो खात्याकडून विचारून घेतो, की आम्ही सांगितलेल्याचे काय केले? त्याचे हत्यार म्हणजे कागदपत्रे पाहण्याचा हक्क आणि निष्कर्ष जाहीर करण्याची मुभा. बाकीचा जोर वर्तमानपत्रे, आमदार आणि मतदार लावतात.

आमच्या गावाचे किंवा शाळेचे हिशेबही तोच तपासतो का?

सर्वसाधारणपणे नाही. मॅसॅच्युसेट्समधली शहरे आणि गावे खासगी लेखापाल संस्थांकडून वार्षिक तपासणी करून घेतात आणि राज्याचा महसूल विभाग त्यांच्यावर लक्ष ठेवतो. गावाच्या अंदाजपत्रकाची तक्रार असेल तर टाउन मीटिंगमध्ये म्हणजे गावसभेत हात वर करा किंवा गावाच्या वित्त समितीला लिहा. एमबीटीए (बॉस्टन भागातली सार्वजनिक वाहतूक), सरकारी महाविद्यालये, तुरुंग, राज्याची प्राधिकरणे मात्र लेखापरीक्षकाच्या कक्षेत येतात.

मतमोजणी बरोबर झाली का, हे लेखापरीक्षक तपासतो का?

नाही. निवडणुकांची देखरेख सेक्रेटरी ऑफ द कॉमनवेल्थकडे असते आणि प्रत्यक्ष मोजणी शहर किंवा गावाचे क्लर्क करतात. हा गैरसमज बराच पसरलेला आहे. या पदाच्या उमेदवाराने ‘निवडणुका स्वच्छ करीन’ असे आश्वासन दिले, तर तो दुसऱ्याच पदाचे काम सांगतो आहे.

विधिमंडळाच्या लेखापरीक्षणावरून एवढा वाद का?

कारण हा सत्तेच्या विभागणीचा प्रश्न आहे आणि दोन्ही बाजूंकडे मांडण्यासारखे मुद्दे आहेत.

डायना डिझोग्लिओ यांनी २०२२ ची निवडणूकच ‘मी विधिमंडळाचे लेखापरीक्षण करीन’ या मुद्द्यावर लढवली. त्या स्वतः आधी प्रतिनिधिगृहात आणि सिनेटमध्ये होत्या. निवडून आल्यावर त्यांनी तपासणी सुरू करू पाहिली, तेव्हा दोन्ही सभागृहांच्या नेतृत्वाने नकार दिला. ॲटर्नी जनरल अँड्रिया कॅम्पबेल यांनी नोव्हेंबर २०२३ मध्ये मत दिले, की तेव्हाच्या कायद्यानुसार विधिमंडळाच्या संमतीशिवाय लेखापरीक्षकाला तसा अधिकार नाही.

मग हा प्रश्न थेट मतदारांकडे गेला. नोव्हेंबर २०२४ च्या मतपत्रिकेवरचा ‘क्वेश्चन १’ हाच होता आणि सुमारे ७२ टक्के मतदारांनी होकार दिला. कायद्यात विधिमंडळाचा स्पष्ट उल्लेख आला. तरीही विधिमंडळाच्या नेत्यांचे म्हणणे कायम राहिले, की एका शाखेने दुसऱ्या शाखेच्या अंतर्गत कारभारात शिरणे राज्यघटनेला धरून नाही आणि साधा कायदा घटनेच्या वर जाऊ शकत नाही. शिवाय राज्याच्या वतीने न्यायालयात कोण उभे राहणार, हे ॲटर्नी जनरल ठरवतात. त्यामुळे लेखापरीक्षक आणि ॲटर्नी जनरल यांच्यातही तणाव आला.

मतदार म्हणून एक गोष्ट वेगळी काढून पाहावी: विधिमंडळाचे आर्थिक व्यवहार, कंत्राटे, कर्मचाऱ्यांशी झालेले समझोते यांची तपासणी हा एक विषय, आणि समित्यांच्या नेमणुका किंवा विधेयकांवरची मते यांची तपासणी हा दुसरा. पहिल्यासाठी आधार बराच भक्कम आहे, दुसऱ्यासाठी तितका नाही. उमेदवाराला विचारताना नेमके कोणत्या भागाबद्दल बोलत आहात, हे विचारा.

## मतदानाचा हक्क आणि नोंदणी

ग्रीन कार्ड किंवा एच-१बी असलेल्यांना मत देता येते का?

नाही. फक्त अमेरिकेच्या नागरिकांना. ओसीआय कार्डाचा इथे काही संबंध नाही. ते भारताकडून मिळालेले आहे.

यात चूक झाली तर ती महागात पडते. नागरिक नसताना मतदार म्हणून नाव नोंदवले, किंवा ‘मी नागरिक आहे’ या वाक्याखाली सही केली, तर पुढे नागरिकत्वाचा अर्ज अडू शकतो आणि देशाबाहेर काढण्याची कारवाईही होऊ शकते. ‘मला माहीत नव्हते’ हे उत्तर बऱ्याचदा पुरत नाही. लायसन्ससाठी आरएमव्हीत (वाहन नोंदणी कार्यालयात) गेलात किंवा मासहेल्थचा (राज्याच्या मेडिकेडचा) अर्ज भरलात की मतदार नोंदणीची व्यवस्था आपोआप जोडलेली असते. म्हणून पडद्यावर किंवा फॉर्मवर नागरिकत्वाची चौकट आली की थांबा, वाचा, मगच बोट ठेवा. मॉलमध्ये किंवा दिवाळी मेळ्यात कुणी क्लिपबोर्ड पुढे केला तर नम्रपणे नकार द्या.

नागरिक नसताना घरी मतदार नोंदणीचे पत्र आलेच, तर क्लर्कला लेखी कळवून नाव काढून घ्या, त्या पत्राची प्रत जपून ठेवा, मत अजिबात देऊ नका आणि इमिग्रेशनच्या वकिलाशी बोला.

नुकतीच नागरिकत्वाची शपथ झाली. नाव कसे नोंदवू?

शपथविधीनंतरच नोंदणी करा, आदल्या दिवशी नाही. राज्याच्या संकेतस्थळावर नोंदणी करायची तर आरएमव्हीचे लायसन्स किंवा ओळखपत्र लागते. नसेल तर कागदी फॉर्म भरून शहराच्या क्लर्ककडे द्या. अंतिम मुदत निवडणुकीच्या १० दिवस आधीची. २०२६ साठी म्हणजे १ सप्टेंबरच्या प्रायमरीकरिता (पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या प्राथमिक निवडणुकीकरिता) २२ ऑगस्ट आणि ३ नोव्हेंबरच्या निवडणुकीकरिता २४ ऑक्टोबर.

नाव लिहिताना घोळ होतो तो इथे: पासपोर्टवर वडिलांचे किंवा नवऱ्याचे नाव मधल्या नावात असते, लायसन्सवर ते गळलेले असते, आणि नागरिकत्वाच्या प्रमाणपत्रावर तिसरेच काही. नोंदणी लायसन्सवरच्या नावाने करा. नागरिकत्वाच्या वेळी नाव बदलले असेल तर आधी सोशल सिक्युरिटीत, मग आरएमव्हीत, मग मतदार नोंदणीत, या क्रमाने बदला.

१६ आणि १७ वर्षांच्या नागरिक मुलांची आगाऊ नोंदणी करता येते. १८ पूर्ण झाले की नाव यादीत येते. मुलगी दुसऱ्या राज्यात कॉलेजला असेल तर ती घरच्या पत्त्यावरच मतदार राहून टपालाने मत देऊ शकते. फक्त दोन्हीकडे मत द्यायचे नाही.

‘अनएनरोल्ड’ म्हणजे काय? मी कुठल्या पक्षात नाव टाकू?

कोणत्याही पक्षात नाव न नोंदवलेला मतदार. मॅसॅच्युसेट्समधले निम्म्याहून अधिक मतदार असेच आहेत. अनएनरोल्ड राहिलात तर प्रायमरीच्या दिवशी कोणत्याही एका पक्षाची मतपत्रिका मागून घेता येते आणि त्यानंतरही तुम्ही अनएनरोल्डच राहता. एका पक्षात नाव नोंदवले असेल तर फक्त त्याच पक्षाची मतपत्रिका मिळते. बदल करायचा असेल तर प्रायमरीच्या १० दिवस आधी.

सप्टेंबरच्या प्रायमरीला खरेच जायला हवे का?

हो, आणि या पदासाठी तर नक्कीच. राज्यात डेमोक्रॅटिक पक्षाचे वर्चस्व असल्यामुळे बऱ्याचदा खरी लढत प्रायमरीतच होते. २०२२ मध्ये डिझोग्लिओ आणि क्रिस डेम्प्सी यांच्यात अशीच लढत झाली. पक्षाच्या अधिवेशनाने डेम्प्सींना पाठिंबा दिला होता, मावळत्या लेखापरीक्षक बम्प त्यांच्या बाजूने होत्या. तरी मतदारांनी डिझोग्लिओंना निवडले. नोव्हेंबरमध्ये त्यांना सुमारे ५५ टक्के मते मिळाली. रिपब्लिकन उमेदवार अँथनी अमोरे यांना सुमारे ३८. म्हणजे प्रायमरी चुकवणाऱ्याने निर्णयाचा मोठा भाग दुसऱ्यांवर सोडला.

## प्रत्यक्ष मतदान

टपालाने मत कसे द्यायचे आणि ते बाद का होते?

२०२२ च्या कायद्यानंतर टपाली मतदानाला कोणतेही कारण द्यावे लागत नाही. अर्ज निवडणुकीच्या पाच कामकाजी दिवस आधी, संध्याकाळी ५ पर्यंत क्लर्ककडे पोहोचला पाहिजे. तेवढे थांबू नका. शेवटच्या आठवड्यात अर्ज केला तर मतपत्रिका येऊन परत जाण्याएवढा वेळच उरत नाही.

पाकिटात मतपत्रिका, आतले पाकीट आणि परतीचे बाहेरचे पाकीट असते. मतपत्रिका भरा, आतल्या पाकिटात घाला, त्या पाकिटावर सही करा, मग ते बाहेरच्या पाकिटात घाला. बाद होण्याची नेहमीची कारणे:

- आतल्या पाकिटावर सहीच नाही. हे बऱ्याचदा होते.
- नवरा-बायकोने एकाच टेबलावर बसून भरले आणि पाकिटे अदलाबदल झाली. दोघांची पाकिटे एकाच वेळी उघडू नका. एकाचे पूर्ण बंद झाल्यावर दुसऱ्याचे घ्या.
- सही नोंदणीतल्या सहीशी जुळत नाही, कारण नोंदणी इंग्रजी सहीने आणि पाकिटावर देवनागरी सही.
- उशीर.

उशिराचा नियम नीट समजून घ्या. प्रायमरीत मत त्याच दिवशी रात्री ८ पर्यंत पोहोचायलाच हवे, टपालाच्या शिक्क्याला सवलत नाही. नोव्हेंबरसाठी २०२४ मध्ये अशी सवलत होती, की शिक्का मतदानाच्या दिवसापर्यंतचा असेल तर पुढच्या तीन दिवसांत, संध्याकाळी ५ पर्यंत आलेले मत धरले जाई. सवलतीच्या भरवशावर राहू नका. शेवटच्या आठवड्यात पाकीट टपालात टाकण्याऐवजी शहराच्या ड्रॉप बॉक्समध्ये टाका. मतदानाच्या दिवशी ते मतदान केंद्रावर नेऊन देता येत नाही. क्लर्कच्या कार्यालयात किंवा ड्रॉप बॉक्समध्येच द्यावे लागते.

टपालाची मतपत्रिका मागवली पण पाठवली नाही, तर केंद्रावर जाऊन मत देता येते. पाठवलेली मतपत्रिका स्वीकारली गेली की मात्र दुसरे मत नाही. आपले पाकीट कुठे आहे ते राज्याच्या संकेतस्थळावर दिसते.

दिवाळीला भारतात जाणार आहोत. मग?

२०२६ मध्ये लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे आणि निवडणूक ३ ला, त्यामुळे अनेकांची विमाने त्याआधीच सुटलेली असतील. सर्वांत सोपा उपाय म्हणजे निघण्यापूर्वी प्रत्यक्ष आगाऊ मतदान. नोव्हेंबरच्या निवडणुकीसाठी ते दोन आठवडे चालते, २०२६ मध्ये १७ ते ३० ऑक्टोबर. त्याआधीच निघणार असाल तर टपाली अर्जात मतपत्रिका पाठवण्यासाठी वेगळा पत्ता देता येतो, पुण्याचाही. पण मतपत्रिका पुण्याला पोहोचून परत यायला आठवडे लागतात. अर्ज ऑगस्टमध्येच करा आणि परतीसाठी कुरिअरचा खर्च धरून चाला.

केंद्रावर गेलो आणि ओळखपत्र मागितले. हे बरोबर आहे का?

बहुतेक मतदारांकडून मागत नाहीत. मागतात ते मुख्यतः दोन प्रसंगी: टपालाने नोंदणी करून पहिल्यांदाच मत देत असाल तर, किंवा तुमचे नाव ‘निष्क्रिय’ यादीत असेल तर. दुसरे कारण अनेकांना चकित करते. शहर दर वर्षाच्या सुरुवातीला घरोघर एक जनगणनेचा फॉर्म पाठवते. तो जाहिरातींच्या गठ्ठ्यात टाकून दिला जातो, उत्तर जात नाही आणि नाव निष्क्रिय होते. अशा वेळी नाव आणि पत्ता असलेला कागद दाखवून, मी याच पत्त्यावर राहतो असे लिहून दिले की मत देता येते. लायसन्सवरचा पत्ता जुना असेल तर विजेचे बिल जवळ ठेवा. यादीत नाव सापडलेच नाही तर परत फिरू नका. तात्पुरती मतपत्रिका मागा, पडताळणी नंतर होते.

केंद्रे सकाळी ७ ते रात्री ८ उघडी असतात. ८ वाजता रांगेत असलेल्या प्रत्येकाला मत देता येते.

आईला इंग्रजी वाचता येत नाही. मी तिच्याबरोबर आत जाऊ शकतो का?

जाऊ शकता. मदतीची गरज असलेल्या मतदाराला आपल्या पसंतीची व्यक्ती बरोबर नेता येते. मालक किंवा कामगार संघटनेचा प्रतिनिधी तेवढा चालत नाही. घरून मराठीत लिहून आणलेला कागदही आत नेता येतो. निर्णय मात्र आईचा.

हा रकाना मतपत्रिकेवर कुठे असतो? कोरा सोडला तर?

राज्यव्यापी पदांमध्ये शेवटचा: गव्हर्नर, ॲटर्नी जनरल, सेक्रेटरी, ट्रेझरर, मग ऑडिटर. अमेरिकेच्या सिनेटची निवडणूक त्याच वर्षी असेल तर ती सर्वांत वर येते. कोरा सोडल्याने बाकीची मते बाद होत नाहीत. दोन उमेदवारांपुढचे अंडाकृती भरलेत तर फक्त या पदाचे मत वाया जाते. चूक झाली तर खाडाखोड करू नका, केंद्रावर नवी मतपत्रिका मागा. छापलेल्यांपैकी कुणीच नको असेल तर नाव लिहून किंवा स्टिकर चिकटवूनही मत देता येते. त्यापुढचा अंडाकृती भरायला विसरू नका.

जिंकायला निम्म्याहून अधिक मते लागतात का?

नाही. सर्वांत जास्त मते मिळवणारा जिंकतो, फेरनिवडणूक नाही. २०१० मध्ये सुझॅन बम्प निम्म्याहून कमी मतांवरच निवडून आल्या. मेरी कॉनॉटन जेमतेम दोन टक्क्यांनी मागे होत्या. पसंतीक्रमाच्या मतदानाचा प्रस्ताव २०२० मध्ये मतदारांनी फेटाळला. राज्यव्यापी फेरमोजणी फरक अर्ध्या टक्क्याच्या आत असेल तरच मागता येते.

पद मध्येच रिकामे झाले तर पोटनिवडणूक होत नाही. अधिवेशन चालू असेल तर विधिमंडळाची दोन्ही सभागृहे मिळून नवी व्यक्ती निवडतात. १९८१ मध्ये थॅडियस बुच्को न्यायाधीश झाले तेव्हा जॉन फिनेगन असेच आले.

## उमेदवारी, देणग्या आणि निवड

या पदासाठी कोण उभे राहू शकते? सीए किंवा सीपीए (अमेरिकेतला परवानाधारक लेखापाल) असावे लागते का?

नाही. निवडणुकीआधीची सलग पाच वर्षे राज्याचे रहिवासी असणे ही घटनेची अट आहे. जन्माने अमेरिकन असण्याची अट नाही, म्हणजे नागरिकत्व घेतलेली मराठी व्यक्तीही उभी राहू शकते. चोवीस वर्षे, सहा वेळा निवडून येऊन लेखापरीक्षक राहिलेले जो डीनुची हे आधी व्यावसायिक मुष्टियोद्धा होते. उलट २०१० मध्ये सीपीए असलेल्या कॉनॉटन हरल्या.

पक्षाच्या प्रायमरीतून यायचे तर ५,००० प्रमाणित सह्या लागतात आणि मोठ्या पक्षांच्या नियमानुसार अधिवेशनात १५ टक्के प्रतिनिधींचा पाठिंबाही. सह्यांचे काम दिसते त्यापेक्षा किचकट आहे. एका कागदावर एकाच शहराच्या मतदारांच्या सह्या, कारण प्रत्येक कागद त्या त्या शहराच्या क्लर्ककडे तपासायला जातो. वेस्टफर्डच्या कागदावर ॲक्टनच्या माणसाने केलेली सही धरत नाहीत. सही करणारा त्या पक्षाचा किंवा अनएनरोल्ड असावा लागतो. पत्ता नोंदणीतला हवा. कागदावर हायलाइटर, टिपण किंवा जास्तीची खूण नको. या सगळ्यात गळती बरीच होते, म्हणून गरजेच्या निदान दीडपट सह्या गोळा कराव्यात.

देणगी देऊ शकतो का?

नागरिक आणि ग्रीन कार्डधारक देऊ शकतात. एका उमेदवाराला एका कॅलेंडर वर्षात कमाल १,००० डॉलर. एच-१बी, एल-१, एफ-१ असलेल्यांना मनाई आहे, कारण परदेशी व्यक्तींवरची केंद्राची बंदी राज्यांच्या निवडणुकांनाही लागू होते. एकाने दुसऱ्याच्या नावावर देणे बेकायदा. नवऱ्याचे ग्रीन कार्ड आणि बायकोचा एच-४ असेल तर देणगी नवऱ्याने स्वतःच्या पैशातून, स्वतःच्या नावाने द्यावी.

उमेदवार पारखायचा कसा?

प्रचारपत्रकापेक्षा एखादा जुना अहवाल वाचा. प्रत्येक आक्षेपात पाच गोष्टी असतात: नियम काय होता, प्रत्यक्षात काय आढळले, असे का झाले, त्याने काय नुकसान झाले, आणि काय करावे. त्यापुढे खात्याचे उत्तर छापलेले असते आणि त्यावर लेखापरीक्षकाचा प्रतिसाद. ‘असे का झाले’ हा भाग जिथे पातळ असतो, तिथे शिफारसही ‘कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण द्यावे’ एवढ्यावर संपते. विद्यमान लेखापरीक्षक पुन्हा उभा असेल तर त्याच्या कारकिर्दीतले तीन-चार अहवाल आणि त्यांचा सहामाही पाठपुरावा पाहा. किती शिफारशी अमलात आल्या, हे बातम्यांच्या मथळ्यांपेक्षा जास्त सांगून जाते.

नव्या उमेदवाराला जाहीर सभेत विचारण्यासारखे प्रश्न: तीन वर्षांतून एकदा प्रत्येक संस्था, ही अट पाळण्यासाठी प्राधान्यक्रम कसा लावणार? तुमच्याच पक्षाच्या गव्हर्नरच्या खात्यात पहिली तपासणी कोणती करणार? खात्याने कागद दिले नाहीत तर काय करणार? तुमच्या देणगीदारांपैकी कुणाचे राज्याशी कंत्राट आहे का, आणि असल्यास त्या तपासणीपासून दूर राहणार का? उत्तरात एखाद्या खात्याचे नाव आणि तपासण्याची पद्धत आली, तर त्या व्यक्तीने अभ्यास केला आहे असे समजा.

निवडणूक झाल्यावर एखादी गडबड दिसली तर कुणाला कळवायचे?

सरकारी मदतीची लबाडी किंवा राज्याच्या पैशाची उधळपट्टी असेल तर लेखापरीक्षकाच्या कार्यालयात थेट तक्रार करता येते, नाव न देताही. तक्रारीत संस्थेचे नाव, तारखा, रक्कम आणि तुम्हाला हे कसे कळले, एवढे लिहा. मूळ कागद स्वतःकडे ठेवून प्रती पाठवा. तुम्ही त्याच खात्यात नोकरी करत असाल तर सरकारी संगणक किंवा ईमेल वापरू नका. घरमालक, गावची शाळा, खासगी कंपनी यांच्याविरुद्धच्या तक्रारी या कार्यालयाच्या कक्षेत येत नाहीत; ग्राहकांच्या तक्रारी ॲटर्नी जनरलकडे जातात.